वयस्कर पेशंटच्या जबड्यातली गाठ: नवीन डेंटिस्टने सुरुवात कुठून करायची

बीडीएस होऊन नुकतंच क्लिनिक टाकलेल्या किंवा इंटर्नशिप चालू असलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. साठी ओलांडलेल्या पेशंटच्या जबड्याच्या हाडात कधीतरी अशा गाठी होतात ज्या क्वचित दिसतात पण दिसल्या की फार वेळ देत नाहीत. तंबाखू-मशेरीमुळे गालात आणि हिरडीवर होणारा कॅन्सर कॉलेजात इतक्यांदा दाखवतात की तो ओळखायला डोळे तयार झालेले असतात, पण हाडाच्या आत सुरू झालेला ट्यूमर बाहेरून बराच काळ काही दाखवतच नाही, गाठीवरची हिरडी गुलाबी आणि नीट असते आणि पेशंट फक्त एवढंच म्हणतो की "दाढ हलतेय डॉक्टर, काढून टाका". आणि आपण काढतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

मी ओरल पॅथॉलॉजीवाली, म्हणजे तुम्ही पाठवलेल्या बाटल्या ज्यांच्या टेबलवर येतात त्यातली. त्यामुळे माझा सगळा जोर एकाच गोष्टीवर आहे: गाठीचं नाव काय हे तुम्ही ओळखायची गरज नाही, ते काम मायक्रोस्कोपचं आहे. तुमच्याकडून हवंय ते एवढंच, की "हे साधं इन्फेक्शन वाटत नाही" हे लवकर लक्षात यावं आणि मग योग्य जागेचा तुकडा, पूर्ण माहितीसकट, आमच्यापर्यंत पोचावा. यात चुकलं तर बाकीची मशिनरी कितीही भारी असू दे, उपयोग नाही.

डोक्यात कुठली यादी ठेवायची

जबड्याच्या हाडातला आजार म्हटलं की आपल्याकडे आधी नेहमीचे संशयित: मुळाखालचं इन्फेक्शन, सिस्ट (पाणी भरलेली पिशवी), ऑस्टिओमायलायटिस (हाडाचं खोल इन्फेक्शन), आणि हिरडीचा कॅन्सर हाडात शिरलेला. आपल्या भागात हा शेवटचा खूप कॉमन आहे, त्यामुळे हाड खाल्लेलं दिसलं की आधी गाल, हिरडी, जिभेची कड, तोंडाचा तळ आणि सगळ्यात मागे दाढेमागचा त्रिकोण टॉर्च लावून बघा, कवळी काढायला लावून बघा. तिथे काही सापडलं तर तो वेगळा रस्ता, पुढे जायची गरज नाही.

तोंडात काहीच नाही आणि हाड मात्र जातंय, तेव्हा दुसरी यादी काढायची. यात दातांच्या पेशींपासून होणारे कॅन्सर आले, म्हणजे अमेलोब्लास्टिक कार्सिनोमा, हाडाच्या आत सुरू होणारा प्रायमरी इंट्राऑसियस कार्सिनोमा (हा जुन्या सिस्टच्या अस्तरातूनही होतो), क्लिअर सेल ओडोन्टोजेनिक कार्सिनोमा, घोस्ट सेलवाला. मग सार्कोमा, म्हणजे हाडाचा किंवा मांसाचा कॅन्सर. मग प्लाझ्मासायटोमा किंवा मल्टिपल मायलोमा (मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचे कॅन्सर), लिम्फोमा (लसिका पेशींचा). आणि शरीरात दुसरीकडच्या कॅन्सरचं जबड्यात आलेलं मेटास्टॅसिस, जे म्हाताऱ्या माणसात कधीच विसरायचं नाही. पाठ करू नका ही नावं. यातला प्रत्येक आजार सुरुवातीला हलणारा दात, दात काढल्यावर न भरणारी खाच, बधिर ओठ किंवा बसेनाशी झालेली कवळी एवढ्यावरच येतो, हे लक्षात राहिलं तरी पुरे.

हिस्टरी, पण नेहमीची फॉर्म भरल्यासारखी नको

"काय होतंय, किती दिवसांपासून" हे सगळेच विचारतात. वयस्कर पेशंटला याच्या पलीकडचे चार-पाच प्रश्न विचारायचे असतात आणि ते सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेलाही विचारायचे, कारण आजोबांना स्वतःच्या गोळ्यांची नावं माहीत नसतात, "ती पांढरी आणि ती लाल" एवढंच सांगतात. गोळ्यांची पिशवीच घेऊन यायला सांगा, सोपं पडतं.

पहिला प्रश्न, आधी कुठला कॅन्सर झाला होता का. हा थेट विचारायचा, लाजायचं नाही. बाईला दहा वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालेलं असतं आणि दाताच्या डॉक्टरला ते कशाला सांगायचं असं तिला वाटतं. बायकांमध्ये जबड्यात येणारं मेटास्टॅसिस बहुतेक वेळा स्तनातून, पुरुषांमध्ये फुफ्फुसातून, शिवाय प्रोस्टेट, किडनी, थायरॉइड. आणि उलटही होतं बरं का, मूळ कॅन्सरचा पत्ताच नसतो आणि पहिली खूण जबड्यातच दिसते, म्हणून "नाही" असं उत्तर आलं तरी खोकला, वजन, लघवीचा त्रास, पाठदुखी हे विचारून घ्या.

दुसरा, हाडाचं इंजेक्शन चालू आहे किंवा होतं का. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब, किंवा ऑस्टिओपोरोसिसच्या आठवड्याला एक घ्यायच्या गोळ्या. या औषधांमुळे जबड्याचं हाड मरतं, उघडं पडतं आणि आठ आठवड्यांहून जास्त काळ तसंच राहतं, डोक्या-मानेला रेडिएशन झालेलं नसेल तर त्याला औषधाने झालेला ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात. आता इथे एक गंमत आहे जी अनुभवी लोकांनाही फसवते: ही इंजेक्शनं बऱ्याचदा देतात कोणाला, तर हाडात कॅन्सर पसरलेल्यांना आणि मायलोमावाल्यांना. म्हणजे ज्या पेशंटमध्ये नेक्रोसिसची शक्यता जास्त त्याच पेशंटमध्ये जबड्यात ट्यूमर असायची शक्यताही जास्त. त्यामुळे "झोलेड्रोनिक चालू होतं, म्हणजे नेक्रोसिसच" असं लिहून मोकळं व्हायचं नाही, सोबत मांसल वाढ असेल, ओठ बधिर असेल किंवा चित्र थोडंही वेगळं वाटलं तर तुकडा घ्यायलाच हवा.

तिसरा, डोक्या-मानेला कधी शेक दिलाय का. आपल्याकडे रेडिएशनला लोक शेकच म्हणतात, तोच शब्द वापरा, पटकन उत्तर येतं. रेडिएशननंतर हाड मरू शकतं आणि बऱ्याच वर्षांनी त्याच जागी सार्कोमाही होऊ शकतो. चौथा, शुगर. अनकंट्रोल्ड डायबेटिस, वरचा जबडा, टाळूवर काळा डाग, चेहरा दुखतोय, असं असेल तर म्युकर (काळी बुरशी) आधी डोक्यात यायला पाहिजे, २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात ते किती बघितलं हे वेगळं सांगायला नको. म्युकर असेल तर दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला पाठवा.

आणि हो, तंबाखू-गुटखा विचाराच, पण "नाही" म्हणाले म्हणून निर्धास्त होऊ नका, वरच्या यादीतल्या बऱ्याच गाठींचा तंबाखूशी संबंध नाही.

खुर्चीवर तपासणी: ओठापासून सुरू करा

हा भाग मी जरा लांबण लावून सांगणार आहे कारण याला खर्च शून्य आणि हाच सगळ्यात जास्त वेळा राहतो.

पेशंटला डोळे मिटायला सांगा. कापसाचा बोळा घ्या, त्यातून एक बारीक वात ओढून काढा. त्या वातीने खालच्या ओठाला आणि हनुवटीला हलका स्पर्श करा, आधी चांगल्या बाजूला मग त्रास असलेल्या बाजूला, आणि पेशंटला स्पर्श झाला की बोट वर करायला सांगा. मध्ये एकदोनदा मुद्दाम स्पर्श न करता थांबा, नाहीतर वयस्कर माणसं तालावर बोट वर करत राहतात. मग प्रोबच्या बोथट टोकाने तेच, आणि दोन्ही बाजूंना सारखंच लागतं का ते विचारा. आतून हिरडीलाही, पुढच्या दातांपासून प्रीमोलरपर्यंत. बधिर भाग सापडला तर बॉलपेनने कातडीवर त्याची कड आखा आणि परवानगी घेऊन मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पेशंट स्वतःहून "बधिर" म्हणेलच असं नाही, "ओठ जड वाटतो", "चहा पिताना सांडतो", "इंजेक्शन दिल्यासारखं वाटतं" असं म्हणतात.

हनुवटी अचानक बधिर होणं, दात काढलेला नाही, इम्प्लांट नाही, मार लागलेला नाही, तर तो पेशंट माझ्या मते त्या दिवसापासून ट्यूमरचा संशयित, दुसरं कारण सापडेपर्यंत. दुसरी कारणं असतात, नाही असं नाही: ऑस्टिओमायलायटिसमध्ये ओठ बधिर होतो, आणि दात नसलेला जबडा झिजून मेंटल फोरामेन (ओठाची नर्व्ह हाडातून बाहेर पडते ते भोक) वर कडेला आलेलं असतं तेव्हा कवळी नर्व्हवर दाबते. पण कवळीवाल्यामध्ये सोपी परीक्षा आहे, कवळी काही दिवस काढून ठेवा, फरक पडायला हवा.

मग दात. एकच दात किंवा शेजारचे दोन-तीन दात हलतायत आणि बाकी तोंडात पायोरिया तसा नाही, हे विचित्र आहे. हिरडी आणि दातामधली फट, म्हणजे पॉकेट, मोजा. पॉकेट नाही आणि दात हलतोय म्हणजे हाड खालून गेलंय. व्हायटॅलिटी टेस्ट करा पण तिच्यावर आंधळा विश्वास नको, म्हाताऱ्या दातात पल्प चेंबर इतका बुजलेला असतो की जिवंत दातही थंडीला उत्तर देत नाही, आणि तेवढ्यावरून "नॉनव्हायटल, मुळाखाली काळं, करा रूट कॅनाल" असं होतं. किडलेला नाही, भरलेला नाही, तुटलेला नाही, मग पल्प मेला कशाने, हा प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर रूट कॅनालची फाइल हातात घेऊ नका.

वरच्या जबड्याला तपासताना डोळ्याखालचा गाल बधिर आहे का, एकाच बाजूचं नाक बंद आहे का, नाकातून रक्त येतं का, आणि चांगली बसणारी वरची कवळी एकाएकी का बसेना. कवळी सैल झाली म्हणून रिलाइन करून द्यायच्या आधी बोट फिरवून बघा, हाड झिजल्यामुळे कवळी सैल होते पण घट्ट झाली, टोचायला लागली, तिरकी बसायला लागली तर खाली काहीतरी वाढतंय.

खालचा जबडा दोन्ही हातांनी, एक बोट आत एक बाहेर, दाबून बघा. तोंड किती उघडतं ते मोजून लिहा. मानेच्या गाठी, विशेषतः जबड्याखालच्या. पाच मिनिटांचं काम आहे सगळं मिळून.

ओपीजी वाचताना

ओपीजी, म्हणजे सगळा जबडा दाखवणारा मोठा एक्स-रे, काढाच, पण लक्षात ठेवा की हाडातलं साधारण तीस ते पन्नास टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर काही दिसत नाही, म्हणजे नॉर्मल ओपीजी आणि बधिर ओठ असं कॉम्बिनेशन आलं तर ओठावर विश्वास ठेवा. शिवाय ओपीजीत मधोमध मणक्याची सावली पडते, पुढच्या दातांखालचं नीट दिसत नाही, तिथे आयओपीए किंवा ऑक्लुजल (तोंडात फिल्म ठेवून काढायचे छोटे एक्स-रे) काढा.

काय शोधायचं? कड. सगळ्यात आधी कड बघा. सिस्ट आणि हळू वाढणाऱ्या गाठीला पेन्सिलने काढल्यासारखी पांढरी रेघ असते, हाड फुगतं, दात बाजूला सरकतात. आक्रमक गाठीत ती रेघच नसते, कसर लागलेल्या कापडासारखं हाड ठिकठिकाणी विरलेलं दिसतं, कुठे संपतंय सांगता येत नाही. मग खालच्या जबड्याची खालची जाड कड सलग आहे का बघा, नर्व्हच्या नळीच्या दोन पांढऱ्या रेघा मध्येच गायब होतायत का बघा, आणि चांगल्या बाजूशी ताडून बघा. दात हाडाचा आधार नसल्यासारखे तरंगताना दिसणं, मुळं टोकदार होऊन झिजणं, आणि एकाच दाताभोवतीची पीडीएल जागा (मूळ आणि हाडामधली बारीक फट) दोन्ही बाजूंनी सारखीच रुंद होणं. ही शेवटची खूण सार्कोमात फार लवकर दिसते, बाकी काहीच नसताना, आणि आयओपीएवरच दिसते. पीडीएल रुंद म्हटलं की आपल्याला लगेच ऑक्लुजन हाय आहे असं वाटतं, एकदा कागद लावून चेक करा, हाय पॉइंट नसेल तर सोडून देऊ नका.

कसर लागल्यासारखं नाही, पण पंच मारल्यासारखी गोल गोल भोकं आहेत, दोन-तीन ठिकाणी, तर आधी मायलोमाचा संशय घ्या. कवटीचा एक्स-रेही मागवा.

कड खराब दिसली की पुढचं सीबीसीटी (दातांच्या क्लिनिकमधला छोटा ३डी स्कॅन) नको, सरळ कॉन्ट्रास्ट सीटी. सीबीसीटीत हाड छान दिसतं पण मांस दिसत नाही, आणि आपल्याला गाठ हाड फोडून बाहेर किती आलीय आणि मानेत गाठी आहेत का तेच हवं असतं. पेशंटचे पैसेही वाचतात, नाहीतर आधी सीबीसीटी आणि चार दिवसांनी कॅन्सर हॉस्पिटलात परत सीटी. कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन लागेल, वयस्कर आहेत. एमआरआय लागेल की नाही ते सर्जन ठरवतील, मज्जेत आणि नर्व्हच्या बाजूने किती पसरलंय ते त्यात चांगलं कळतं.

या तीन गोष्टी करू नका

अँटिबायोटिकचा कोर्स परत परत देऊ नका. एक कोर्स ठीक आहे, इन्फेक्शनची शक्यता खरीच असते, पण तो संपल्यावर बोलवा आणि सुधारणा नसेल तर औषध बदलायचं नाही, दिशा बदलायची. आमच्याकडे येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत तीन-तीन डॉक्टरांची तीच अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह आणि मेट्रोनिडॅझोलची पाकिटं निघतात. तोंडातलं काहीही दोन आठवड्यांत बरं झालं नाही तर तपासायचं हा नियम खाचेलाही लागू आहे.

हलणारा दात निदान झाल्याशिवाय काढू नका. ट्यूमरमधला दात काढला की खाचेतून वाढ बाहेर येते, काही आठवड्यांत लाल मांसाचा गोळा, हात लावला की रक्त. काढला असेलच आणि खाचेतून नेहमीपेक्षा जास्त, मऊ, भुरकट असं काही निघालं तर ते गॉजमध्ये गुंडाळून डस्टबिनमध्ये टाकू नका, फॉर्मालिनमध्ये टाका.

स्टिरॉइड देऊ नका. गावाकडे सूज आली की डेक्सा मारायची पद्धत आहे, पेशंटला बरं वाटतं, सूज उतरते. लिम्फोमा असेल तर तो स्टिरॉइडने वितळतो आणि मग बायॉप्सीत आम्हाला मेलेल्या पेशींशिवाय काही मिळत नाही, निदान महिनाभर मागे जातं. आधीच कोणी दिलं असेल तर तसं फॉर्मवर लिहा, आम्ही रागावत नाही, पण कळायला हवं.

रक्त

फार नाही. सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेस, शुगर. हिमोग्लोबिन कमी, ईएसआर खूप वाढलेला, कॅल्शियम वर, क्रिएटिनिन वर, आणि आजोबांची कंबर दुखतेय, हे एकत्र आलं तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस मागवा आणि फिजिशियनला फोन करा. पुरुषाच्या हाडात पांढरट, घट्ट डाग दिसत असतील तर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी). एवढ्याने निदान होत नाही, दिशा मिळते.

बायॉप्सी, म्हणजे माझा विषय

आधी कोणी करायची ते. वाढ तोंडात बाहेर आलेली आहे, हाताला लागतेय, तर तुम्ही किंवा तुमच्याकडे येणारा ओरल सर्जन करू शकतो. पूर्ण हाडाच्या आत आहे आणि सीटीत वाईट दिसतंय, तर जिथे पुढे ऑपरेशन होणार तिथल्या टीमनेच केलेली बरी, कारण बायॉप्सीची वाट त्यांना ऑपरेशनमध्ये बरोबर काढावी लागते, सार्कोमात तर नक्कीच. बाहेरून, गालाच्या कातडीतून, अजिबात घुसू नका. पण त्या टीमची तारीख लांबली म्हणून पेशंट तसाच बसवून ठेवणं हेही चूक, फोन करून विचारा की मी करू का.

करायच्या आधी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन विचारा आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी चालू केलंय त्यांना विचारा. मग जाड सुईने ओढून बघा. लालभडक रक्त दाबाने आलं तर थांबा, चाकू लावू नका, व्हॅस्क्युलर असू शकतं. पिवळसर पाणी आलं तर सिस्टसारखं काही, दह्यासारखं आलं तर केराटिनवालं, काहीच नाही आलं तर भरीव गाठ. बधिर करायचं इंजेक्शन गाठीत नाही, बाजूला किंवा ब्लॉक द्या, नाहीतर पेशी फुगून सगळं चित्र बिघडतं.

तुकडा कुठून घ्यायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. वरचं पांढरं सडलेलं साल म्हणजे नुसता पस आणि बॅक्टेरिया, त्यात निदान नसतं. वरचं कडक हाडही नको, गाठीभोवती हाड स्वतःच प्रतिक्रिया म्हणून जाड होतं आणि तेवढंच पाठवलं तर आम्ही "रिअ‍ॅक्टिव्ह बोन" लिहितो, जे खरंही असतं आणि निरुपयोगीही. खोल जा, मऊ मांसल भाग येईपर्यंत, आणि दोन जागांहून घ्या. टिशू फोर्सेप्सने चिमटू नका, पेशी चेपतात, टाका घालून धाग्याने धरा. एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून तपासणं) मानेच्या गाठीला ठीक आहे, हाडातल्या गाठीला तिच्यावर भागत नाही.

दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, तुकड्याच्या किमान दहापट. रुंद तोंडाची बाटली. औषधाच्या बारक्या बाटलीत कोंबलेला तुकडा आत जाताना मऊ असतो, फिक्स झाला की कडक होतो आणि बाहेर निघत नाही, मग आम्ही बाटली फोडतो. सलाइनमध्ये पाठवू नका, फ्रीझरमध्ये तर नकोच. इन्फेक्शनची शंका असेल तर कल्चर आणि फंगसच्या तपासणीसाठी वेगळा छोटा तुकडा सलाइनमध्ये, वेगळ्या बाटलीत. नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नाही, झाकणं अदलाबदल होतात.

आणि फॉर्म. "टू रूल आउट मॅलिग्नन्सी" एवढ्या एका ओळीवर हाडातली गाठ वाचता येत नाही. वय, नेमकी जागा, किती दिवसांत किती वाढली, ओठ बधिर आहे की नाही, आधीचा कॅन्सर, हाडाची इंजेक्शनं, शेक, स्टिरॉइड, आधीची बायॉप्सी आणि तिचा रिपोर्ट, आणि ओपीजी-सीटीचे फोटो. एक्स-रे न बघता हाडाच्या स्लाइडवर मत देणं आम्हाला खरोखर धोक्याचं वाटतं, कारण स्लाइडवर सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींमधला फरक पुष्कळदा एक्स-रेतच असतो. नवशिक्या डॉक्टरचा पूर्ण भरलेला फॉर्म मोठ्या सर्जनच्या अर्ध्या ओळीपेक्षा मला कधीही चालेल.

हाड असलेला तुकडा आधी आम्लात ठेवून मऊ करावा लागतो, त्यामुळे रिपोर्टला जास्त दिवस लागतात, पेशंटला आधीच सांगून ठेवा. कडक आम्लाने डीएनए खराब होतो आणि पुढच्या जीन टेस्ट फेल जातात, म्हणून संशय मोठा असेल तर लॅबला सांगा की मऊ भाग वेगळा काढा किंवा ईडीटीए वापरा. कुठे लागतात या टेस्ट? क्लिअर सेल ओडोन्टोजेनिक कार्सिनोमात बहुतेक वेळा ईडब्ल्यूएसआर१ नावाच्या जीनची तोडजोड सापडते, आणि खालच्या जबड्याच्या अमेलोब्लास्टोमात (दाताच्या पेशींची हळू वाढणारी गाठ) ब्राफ व्ही६००ई हा बदल बऱ्याचदा असतो, ज्यावर गोळ्या आहेत.

रिपोर्ट आला, आता?

"क्रॉनिक इन्फ्लमेशन, मॅलिग्नन्सीचा पुरावा नाही" असा रिपोर्ट आला की सगळे खूश होतात. थांबा. पेशंटचा ओठ बधिरच आहे, हाड जातंच आहे, तर तो रिपोर्ट त्या तुकड्याचा आहे, पेशंटचा नाही. परत करा, अजून खोल. पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा की तुकडा पुरेसा होता का, आम्हाला आवडतं असं कोणी विचारलं तर.

स्क्वेमस सेल कार्सिनोमा आला, तर प्रश्न असा की तो कुठून आला. हाडावरच्या हिरडीतून आत उतरला, सायनसमधून आला, फुफ्फुसातून आला, की हाडातच सुरू झाला? हाडातच सुरू झाला म्हणायला गाठीवरची हिरडी सुरुवातीला शाबूत हवी आणि छातीचा सीटी किंवा पेट स्कॅन करून दुसरीकडे काही नाही हे बघायला हवं.

क्लिअर पेशी दिसल्या तर किडनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, सोनोग्राफी किंवा पोटाचा सीटी, कारण किडनीचा कॅन्सर जबड्यात येऊन हुबेहूब तसाच दिसतो. जायंट सेल आल्या तर पॅराथायरॉइड हॉर्मोन आणि कॅल्शियम, विशेषतः डायलिसिसच्या पेशंटमध्ये, तो खरा ट्यूमर नसून ब्राउन ट्यूमर (पॅराथायरॉइड हॉर्मोन वाढल्याने हाडात होणारी गाठ) निघू शकतो आणि मग जबडा कापायची गरजच पडत नाही. प्लाझ्मा सेल खूप आल्या तर कप्पा-लॅम्डा (प्लाझ्मा सेलचे दोन प्रकार वेगळे करणारी तपासणी) करून घ्या, साध्या हिरड्यांच्या सुजेतही प्लाझ्मा सेल ढीगभर असतात, पण त्यात दोन्ही प्रकार असतात, ट्यूमरमध्ये एकच. नुसतं "अमेलोब्लास्टोमा" असा रिपोर्ट आला आणि पेशंट सत्तरीचा, दोन महिन्यांत वाढलेली गाठ, ओठ बधिर, तर मला तो पटत नाही, अमेलोब्लास्टोमा वर्षानुवर्षे हळू वाढतो. ब्लॉक मागवून दुसरीकडे दाखवा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, लॅबकडे असतो, मागितला की मिळतो, आणि स्लाइडसोबत तोच घेऊन पेशंटने पुढच्या हॉस्पिटलला जायचं, नुसता कागद घेऊन नाही. हे पेशंटला कोणी सांगत नाही आणि मुंबईला पोचल्यावर परत गावाला माणूस पाठवावा लागतो.

पाठवायचं कुठे, सांगायचं कसं

परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि त्यांचं खारघरचं केंद्रही आहे, पण प्रत्येकाला मुंबई झेपतेच असं नाही. निदानापर्यंतचं काम जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात नीट होतं, मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारात, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळीला. उपचाराला सोलापूर-धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, विदर्भात नागपूरचं तुकडोजी महाराजांच्या नावाचं. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मानमध्ये वर्षाला पाच लाखांचं कव्हर आहे, आधार कार्डावर वय बरोबर आहे का ते बघून कार्ड आधीच काढायला लावा. बाकीच्यांना महात्मा फुले योजना, रेशनकार्ड सोबत.

घरचे बाजूला घेऊन म्हणतात, "डॉक्टर, बाबांना काही सांगू नका." रिपोर्ट यायच्या आधी तुम्ही "कॅन्सर" म्हणायचं नाहीच, पण "काही नाही, साधी गाठ आहे" असंही म्हणायचं नाही, मग ते जातच नाहीत. मी असं सांगायला सुचवते: "काका, हे दाताचं दुखणं वाटत नाही, हाडातून आहे, तुकडा तपासल्याशिवाय मी दात काढणार नाही. या आठवड्यात जायचं." चिठ्ठीवर तारीख टाका, तिथल्या डिपार्टमेंटचं नाव टाका, ओठाचा तो फोटो आणि ओपीजीची सीडी सोबत द्या, मुलाचा मोबाइल नंबर लिहून घ्या. आणि पुढच्या सोमवारी स्वतः फोन करून विचारा, पोचले का. निम्मे पोचलेले नसतात, कुणाच्या घरात लग्न असतं, कुणाचा सोयाबीन काढणीला आलेला असतो, कुणाला मध्येच कोणीतरी झाडपाल्यावाला सांगितलेला असतो. ओरडू नका, परत तारीख ठरवून द्या.